कापराची नळी आणि आतला गेरू



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या मुळशी तालुक्यातल्या दोन पिढ्यांना विज्ञान शिकवलं. नुसत्या फळ्यावरच्या आकृतीवर त्यांचं कधी समाधान झालं नाही. वस्तू हातात द्यायची आणि मग बोलायचं, ही त्यांची पद्धत. ती पाळायची म्हणून या टेबलावर मी दोन वस्तू ठेवल्या आहेत. एक कापूर, दुसरा गेरू. दोन्ही तुमच्या घरात आहेत: एक देवघरात, दुसरा तुळशीवृंदावनावर. आज जे सांगणार आहे, ते या दोन पदार्थांबद्दल आहे. कापूर हवेविना तापवला तर त्यातल्या कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या करता येतात. त्या नळ्यांच्या पोकळीत आधी लोखंड आणि मग ज्यामुळे गेरूला लाली येते तो लोखंडाचा ऑक्साइड भरता येतो. हे काम इथून तासाभराच्या अंतरावर, पुण्यात पाषाणला झालेलं आहे.

हा विषय मुळशीत का, असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर मुळशीच्याच इतिहासात आहे. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालं, गावं पाण्याखाली गेली, पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरलं आणि त्यावर तयार झालेली वीज मुंबईला गेली. ज्या तालुक्यानं तंत्रज्ञानाची किंमत अशी जमिनीनं मोजली, त्याला आपल्या आसपास चाललेल्या विज्ञानाची माहिती मागायचा हक्क इतरांपेक्षा जास्त आहे. लवळ्याच्या टेकडीवर सिंबायोसिस विद्यापीठाचं नॅनोविज्ञानाचं केंद्र आहे. हिंजवडी-माण हा सगळा भाग याच तालुक्यातला. तिथं काय चाललंय हे इथल्या लोकांना त्यांच्या भाषेत कळलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अशा नळीत काही भरलं की नळीची भिंत आतल्या द्रव्याला नुसती धरून ठेवत नाही, ती त्याचे गुण बदलते. आतलं द्रव्यही भिंतीला जसंच्या तसं राहू देत नाही. नवं जे निपजतं, ते बहुतेक वेळा या दोघांच्या सीमेवर निपजतं. या क्षेत्रातली जी कामं मला मोलाची वाटतात, ती सगळी या सीमेकडे लक्ष देणारी आहेत.

आता नळीची ओळख. ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीतला काळा भाग, ज्याला आपण चुकून शिसं म्हणतो. त्यात कार्बनचे अणू षटकोनांच्या जाळीत बसलेले असतात आणि अशा जाळ्यांचे थर एकावर एक रचलेले असतात. दोन थरांमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. अशी एक जाळी गुंडाळून तिच्या कडा जोडल्या की एकभिंती नळी झाली. तिचा व्यास बहुधा एक-दीड नॅनोमीटर. एकात एक अशा अनेक नळ्या असल्या की बहुभिंती नळी, तिचा व्यास काही दशक नॅनोमीटरपर्यंत जातो. जपानमधल्या त्सुकुबा इथल्या एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत सुमिओ इजिमा यांनी १९९१ साली या नळ्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि सगळ्या जगाचं लक्ष तिकडे गेलं. पोकळ कार्बन तंतूंची चित्रं त्याच्या बरीच आधी, १९५२ साली, रादुश्केविच आणि लुक्यानोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी रशियन भाषेत छापली होती. ती फारशी कुणी पाहिली नाहीत.

नळी पोकळ आहे म्हटल्यावर तिच्यात काही भरता येईल का, हा प्रश्न लगेच आला. त्याचं पहिलं ठोस उत्तर देणारा माणूस आपल्याकडचा. पुलिकेल अजयन हे केरळातल्या कोडुंगल्लूरचे, काशी हिंदू विद्यापीठात धातुशास्त्र शिकलेले. इजिमांच्या प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी नळ्यांवर शिशाचे कण बसवले आणि हवेत सुमारे ४०० अंश सेल्सियसपर्यंत तापवले. शिसं ३२७ अंशाला वितळतं. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर काही नळ्यांची टोकं उघडली होती आणि आत द्रव्य ओढलं गेलं होतं. जानेवारी १९९३ मध्ये 'नेचर'मध्ये हा लेख आला. केशाकर्षणानं, म्हणजे ज्या बळानं दिव्यातलं तेल वातीत चढतं त्याच बळानं, द्रव्य अणूंच्या मापाच्या नळीतही चढतं, असा त्याचा अर्थ होता.

इथं थोडं थांबू या, कारण पुढचं सगळं या प्रयोगात दडलेलं आहे. पारा काचेवर ओतला तर तो गोळी होऊन पळतो, पाणी पसरतं. पाऱ्याचा पृष्ठताण मोठा, मीटरला सुमारे ४८५ मिलिन्यूटन, पाण्याचा ७२. ज्याचा पृष्ठताण कमी, तो द्रव भिंत भिजवतो. जो भिंत भिजवतो, तोच नळीत शिरतो. १९९४ साली दुजार्दिन, एबेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंधक, सेलेनियम, शिसं, पारा अशी निरनिराळी द्रव्यं घेऊन ही गोष्ट तपासली. नळीत शिरण्यासाठी द्रवाचा पृष्ठताण १०० ते २०० मिलिन्यूटनच्या आत हवा, असं त्यांना आढळलं. गंधक सहज आत जातं. वितळलेल्या शुद्ध शिशाचा ताण साडेचारशेच्या आसपास, म्हणजे ते जायलाच नको. मग अजयन यांच्या नळीत काय गेलं होतं? हवेत तापवल्यामुळे शिशाचा ऑक्सिजनशी संयोग झाला होता. आत गेलं ते शुद्ध शिसं नव्हतं, शिशाचं संयुग असावं, असा उलगडा झाला. त्याच हवेतल्या ऑक्सिजननं नळीची टोपणंही खाऊन उघडली होती. म्हणजे प्रयोग हवेत झाला, एवढ्या साध्या गोष्टीनं दोन कामं केली होती.

टोपणच आधी का खाल्लं गेलं, हे विद्यार्थ्यांनी कागदावर करून पाहण्यासारखं आहे. नुसत्या षटकोनांची जाळी सपाट राहते किंवा नळीसारखी गुंडाळली जाते, पण तिचं टोक बंद होत नाही. टोक बंद करायला जाळीत सहा पंचकोन घालावेच लागतात. ही भूमितीची अट आहे, तिच्यातून सुटका नाही. पंचकोनाजवळ बंध जास्त वाकतात, तिथं ताण असतो, आणि रासायनिक हल्ला तिथंच आधी होतो. ऑक्सफर्डच्या माल्कम ग्रीन यांच्या गटानं १९९४ साली याचा फायदा घेऊन सोपी रीत काढली. नळ्या नायट्रिक आम्लात उकळायच्या आणि त्याच आम्लात निकेलचा नायट्रेट विरघळवून ठेवायचा. आम्ल टोपण उघडतं, द्रावण आत जातं. मग वाळवून तापवलं की आत निकेलचा ऑक्साइड उरतो आणि त्यावर हायड्रोजन सोडला की निकेल धातू. महागडं उपकरण काही लागत नाही. म्हणून ही रीत जगभर पसरली.

आत गेल्यावर द्रव्याचं काय होतं, ते आता पाहू. पोटॅशियम आयोडाइड हा मिठासारखाच क्षार. त्याच्या नेहमीच्या स्फटिकात प्रत्येक आयनाला विरुद्ध जातीचे सहा शेजारी असतात. २००० साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी ते १.४ नॅनोमीटरच्या एकभिंती नळीत भरलं. रुंदीला दोन अणू, उंचीला दोन अणू, आणि मग नळी जाईल तितकी लांब रांग, असा स्फटिक तिथं तयार झाला. त्यात एकही आयन आतला नाही, सगळे पृष्ठभागावरचे. सहाऐवजी प्रत्येकाला चारच शेजारी. बाहेरच्या जगात असं पोटॅशियम आयोडाइड नाही. जागा मिळाली नाही म्हणून द्रव्यानं आपली घडणच बदलली.

साठ कार्बन अणूंचा पोकळ गोळा, ज्याला फुलरीन म्हणतात, तोही नळीत जातो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९८ साली हे दिसलं. ०.७ नॅनोमीटरचे गोळे १.४ नॅनोमीटरच्या नळीत ओळीनं बसलेले. गोळा आणि भिंत यांच्यात राहिलेलं अंतर जवळपास ग्रॅफाइटच्या दोन थरांइतकं. शास्त्रज्ञांनीच याला वाटाण्याच्या शेंगेचं नाव दिलं. ही शेंग बाराशे अंशांच्या आसपास तापवली की आतले गोळे एकमेकांत मिसळतात आणि त्यांची आतली दुसरी नळी होते.

पाण्याची गोष्ट तर पहिल्यांदा ऐकल्यावर पटत नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मायकेल स्ट्रॅनो यांच्या गटानं २०१७ साली मोजमापं प्रसिद्ध केली. १.०५ नॅनोमीटर व्यासाच्या नळीतलं पाणी १०५ ते १५१ अंश सेल्सियसच्या दरम्यान बर्फासारख्या घन अवस्थेत जातं. बाहेर जिथं पाण्याची वाफ व्हावी, तिथं आत ते गोठतं. नळीचा व्यास किंचित बदलला की हा आकडाही बदलतो. पुस्तकात आपण शून्य अंश हा पाण्याचा गोठणबिंदू म्हणून पाठ करतो, तो खरा आहेच. पण तो मोकळ्या पाण्याचा आहे. एकेका रेणूला भिंत लागून असेल, तर तो अंक त्या रेणूला बांधील राहत नाही.

सगळं द्रव्य मात्र असं आपणहून आत जात नाही. गॅलियमचा पृष्ठताण पाऱ्यापेक्षाही जास्त, तो कधीच नळीत शिरणार नाही. तरी त्सुकुबामध्येच गाओ आणि बांडो यांनी २००२ साली गॅलियम भरलेली नळी दाखवली. आतल्या गॅलियमची पातळी ५० ते ५०० अंशांपर्यंत तापमानाबरोबर सरळ रेषेत चढते, म्हणजे तो एक तापमापकच झाला. ते जमलं कसं? त्यांनी गॅलियमचा ऑक्साइड आणि कार्बन एकत्र तापवले आणि नळी गॅलियमभोवतीच वाढली. भरण्याचा हा दुसरा रस्ता आहे: आधी नळी करून मग भरायची नाही, दोन्ही एकाच वेळी घडवायचं. पाषाणचं काम याच रस्त्यानं झालं.

पाषाणला जाण्याआधी एका तलवारीबद्दल बोलावं लागेल, कारण नॅनोनळ्यांचा विषय निघाला की आपल्याकडे ती हमखास निघते. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या पीटर पाउफ्लर यांच्या गटानं २००६ साली सतराव्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीचा तुकडा तपासला. ही तलवार बर्नच्या ऐतिहासिक संग्रहालयातली, आणि अशा तलवारींचं पोलाद भारतातून जायचं. ते आम्लात विरघळवल्यावर जे उरलं त्यात त्यांना कार्बनच्या नळ्या दिसल्या. काहींच्या आत सिमेंटाइट, म्हणजे लोखंड आणि कार्बन यांच्या कठीण संयुगाच्या तारा होत्या. भरलेल्या नळीचं हे जुनं उदाहरण खरंच विलक्षण आहे. पण यावरून आपल्या पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान ठाऊक होतं, असं जे भाषणांत सांगितलं जातं, ते मला मान्य नाही. एका तलवारीच्या एका तुकड्यावरचं ते निरीक्षण आहे. आपल्या लोहारांना पोलाद किती तापवायचं, किती सावकाश थंड करायचं, कुठला कोळसा आणि कुठलं झाड मुशीत घालायचं, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी शिकवलं होतं. ते ज्ञान एवढं मोठं आहे की त्याला आजचं नाव चिकटवून मोठं करायची गरज नाही. उलट तसं केलं की त्यांनी खरं काय साधलं, हे पाहायचं राहून जातं.

आता कापूर. १९९४ साली मुंबईच्या आयआयटीत मुखोपाध्याय, कृष्णा आणि महेश्वर शेरॉन यांनी कापरापासून फुलरीन केल्याचं 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये प्रसिद्ध केलं. तोपर्यंत बहुतेक जण ग्रॅफाइट किंवा खनिज तेलातून आलेले वायू वापरत होते. झाडापासून मिळणारा, पुन्हा पिकणारा कच्चा माल घ्यावा, हा शेरॉन यांचा आग्रह. पुढे मुकुल कुमार यांनी जपानमधल्या नागोयात योशिनोरी आंदो यांच्याबरोबर २००३ साली कापरापासून एका दिशेनं उभ्या वाढलेल्या नळ्या केल्या. कापराच्या रेणूत दहा कार्बन, सोळा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. तो घनाचा थेट वायू होतो, हे तुम्ही डबी उघडी ठेवून पाहिलेलं आहे. त्यातला ऑक्सिजन नळ्यांबरोबर तयार होणारी निरुपयोगी काजळी काही प्रमाणात जाळून टाकतो, असं हे काम करणाऱ्यांचं म्हणणं आहे.

पुण्यात पाषाणला असलेल्या आयसरमध्ये, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, अश्ना बाजपेयी यांच्या गटानं कापराला मेटलोसीनची जोड दिली. २०१८ साली 'कार्बन' या नियतकालिकात ते काम आलं. मेटलोसीन म्हणजे कार्बनच्या दोन पंचकोनी कड्यांच्या मधोमध धातूचा एक अणू. धातू लोखंड असेल तर फेरोसीन, कोबाल्ट असेल तर कोबाल्टोसीन, निकेल असेल तर निकेलोसीन. फेरोसीनची भुकटी नारिंगी असते आणि तिचाही कापरासारखा वास येतो.

ही प्रक्रिया कशी दिसते, ते नीट सांगतो. क्वार्ट्‌झची, हाताएवढी लांब किंवा त्याहून मोठी नळी भट्टीतून आरपार गेलेली असते. एका टोकाकडून आर्गॉन वायू येतो. दुसऱ्या टोकाची रबरी नळी पाण्यात बुडवलेली असते आणि तिथून बुडबुडे येत राहतात. बुडबुडे थांबले तर कुठंतरी चोंदलंय, हे प्रयोग करणाऱ्याला न बघता कळतं. भुकटी नावेच्या आकाराच्या छोट्या चिनी मातीच्या भांड्यात ठेवतात. ती थोड्या उष्णतेनं वायू होऊन आर्गॉनबरोबर पुढं सरकते आणि आठशे-नऊशे अंशांच्या टापूत शिरली की रेणू फुटतात. फेरोसीनमधलं लोखंड सुटं होऊन त्याचे सूक्ष्म कण बनतात. कापरातला आणि फेरोसीनमधला कार्बन त्या कणांत विरघळतो, मावेनासा झाला की कडेनं बाहेर येतो आणि त्याची नळी वाढत जाते. वरून आणखी लोखंड येतच असतं, ते वाढत्या नळीच्या पोकळीत अडकतं. भट्टी थंड झाल्यावर आतल्या भिंतीवर काळा, मखमली, हलका थर मिळतो. तो खरवडून तीन मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर चिमूटभर ठेवतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात घालतात. तिथं पडद्यावर दोन फिकट समांतर कडा आणि त्यांच्या मधोमध एक गडद पट्टी दिसते. कडा कार्बनच्या, पट्टी लोखंडाची. इथं उत्प्रेरक आणि भरण एकच आहे, नळी ज्यानं घडवली तेच तिच्या आत राहिलं.

उघड्या हवेत एवढं बारीक लोखंड क्षणात जळून जातं. ग्रॅफाइटच्या थरांत ते टिकतं, हा पहिला फायदा. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पुढचा टप्पा. भरलेल्या नळ्या नियंत्रितपणे तापवून आतल्या लोखंडाचा ऑक्साइड करता येतो, आणि तो ऑक्साइड म्हणजे हेमॅटाइट, आपल्या गेरूला लाली देणारं द्रव्य.

गेरूला चुंबक लावून पाहा, ओढ जाणवत नाही. त्यात लोखंड असूनही असं का? हेमॅटाइटमध्ये लोखंडाचा प्रत्येक अणू बारीक चुंबक असतो, पण शेजारच्या थरांतले चुंबक एकमेकांच्या उलट दिशेनं उभे असतात, म्हणून एकमेकांना रद्द करतात. पूर्ण मात्र नाही. उणे १३ अंश सेल्सियसच्या वर ते अगदी बारीकशा कोनानं कललेले असतात आणि त्यातून थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं. हा कल कशामुळे येतो, हे झ्यालोशिन्स्की या रशियन शास्त्रज्ञानं १९५०च्या दशकाच्या अखेरीस स्फटिकाच्या सममितीवरून दाखवलं आणि मोरिया या जपानी शास्त्रज्ञानं १९६० साली त्यामागची अणूंतली यंत्रणा सांगितली. हेमॅटाइटचा आणखी एक गुण आहे: त्यावर दाब किंवा ताण दिला की त्याचं चुंबकत्व बदलतं.

बाजपेयी यांच्या गटानं २०१९ साली नळीतल्या हेमॅटाइटची मोजमापं प्रसिद्ध केली. नळीत भरल्यामुळे त्याचं चुंबकत्व लक्षणीय वाढलं होतं. त्याहून महत्त्वाचं, बाहेरचं चुंबकीय क्षेत्र काढून घेतल्यावर मागं जे चुंबकत्व उरतं, त्यातला एक हिस्सा काळाबरोबर ओसरत नव्हता, आणि तेही आपल्या नेहमीच्या तापमानाला. कार्बन चुंबकीय नाही, हेमॅटाइट फार अशक्त चुंबक. मग हे कुठून आलं? सिंक्रोट्रॉन या मोठ्या यंत्रातल्या तीव्र क्ष-किरणांनी त्यांनी स्फटिकातली अंतरंही मोजली. दोन द्रव्यं जिथं एकमेकांना टेकतात, तिथं प्रत्येकाच्या अणूंमधली अंतरं निराळी, तापल्यावर पसरण्याचं प्रमाणही निराळं, त्यामुळे सीमेवर ताण येतो. आणि ताणानं ज्याचं चुंबकत्व बदलतं, असंच द्रव्य तिथं आहे. सुरुवातीला मी सीमेबद्दल जे म्हटलं, त्याचा एवढा स्पष्ट दाखला मला दुसरा माहीत नाही. म्हणूनच टेबलावर कापूर आणि गेरू ठेवले.

आयसरच्या शेजारीच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आपली एनसीएल. १९५० साली पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. तिथं श्रीकुमार कुरुंगोट यांच्या गटानं वेगळ्या हेतूनं पोकळीकडे पाहिलं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यापासून वीज करणाऱ्या इंधन घटात प्लॅटिनम लागतं आणि त्याची किंमत तुम्हाला माहीत आहे. त्यांनी पोकळ कार्बन तंतूंच्या बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही भिंतींवर प्लॅटिनमचे कण बसवले, म्हणजे तेवढ्याच कार्बनवर काम करणारी जागा वाढली. आत कण पोचवायचे तर भिंत भिजवणारा द्रावक लागतो. म्हणजे १९९४ साली मोजलेला पृष्ठताण इथं उपयोगी पडला. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात अशाच इंधन घटावर, म्हणजे हायड्रोजनवर धावणारी बस दाखवली गेली. ती सीएसआयआर, म्हणजे एनसीएल जिच्याखाली येते ती परिषद, आणि केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून केली, आणि केपीआयटीचं मुख्य काम चालतं ते हिंजवडीत, तुमच्याच तालुक्यात. त्या बसमध्ये भरलेल्या नळ्या आहेत, असं मी म्हणत नाही. पण उत्प्रेरकाचा एकेक कण कामी लावायचा ध्यास दोन्हीकडे सारखाच आहे.

आता थोडं स्पष्ट बोलतो. या क्षेत्रात एका सुंदर नळीचं चित्र छापून येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, सगळ्याच नळ्या अशा भरल्या आहेत. एका भट्टीतून निघालेल्या चिमूटभर काजळीत अब्जावधी नळ्या असतात. त्यातल्या किती भरल्या, किती अर्ध्या भरल्या, किती द्रव्य बाहेरच चिकटून राहिलं, हे सांगणं त्या चित्रापेक्षा अवघड आणि त्याहून गरजेचं आहे. चुंबकत्व मोजलं, पण ते आतल्या ऑक्साइडचं की बाहेर चिकटलेल्या कणांचं? हा प्रश्न नीट सोडवल्याशिवाय निष्कर्षाला अर्थ नाही. म्हणून आयसरच्या २०१८च्या त्या लेखाच्या नावातच भरण्याच्या प्रमाणाचा उल्लेख आहे, हे मला फार आवडलं. विद्यार्थ्यांनी शोधनिबंध वाचताना पहिल्यांदा तो आकडा शोधावा.

दुसरी गोष्ट आरोग्याची. २००८ साली एडिनबरोच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की लांब, ताठ बहुभिंती नळ्या पोटाच्या आतल्या अस्तरात अॅस्बेस्टॉससारखा दाह करतात. आखूड, गुंतलेल्या नळ्यांनी तसं झालं नाही. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं बहुभिंती नळीच्या एका प्रकाराला माणसात कर्करोग घडवू शकणाऱ्या संभाव्य पदार्थांत धरलं. भरलेली नळी शरीरात काय करते, त्याचंही उदाहरण आहे. ऑक्सफर्डच्या गटानं २०१० साली किरणोत्सारी आयोडाइड नळीत बंद करून उंदरांना दिलं. आयोडीन शरीरात गेलं की ते थायरॉइडकडे धाव घेतं. इथं ते तिकडे गेलंच नाही, नळीबरोबर फुफ्फुसात जाऊन राहिलं. औषध योग्य जागी पोचवण्यासाठी हे वरदान ठरू शकतं. आणि हीच गोष्ट कारखान्यातल्या धुळीला लावली की काळजी वाटते. उद्या पिरंगुटला, उरवड्याला असा माल करणारं युनिट आलं, तर कामगाराच्या तोंडावर कुठला मास्क आहे, भुकटी कोरडी हाताळतात की ओली, सांडपाणी मुळेत सोडतात की नाही, हे ग्रामसभेत विचारलं गेलं पाहिजे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी १९२१ साली प्रश्न विचारले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

शेवटी, पुढं काय, याबद्दल. बाजपेयी यांनी आयसरच्या कामाआधी ड्रेस्डेनच्या लायब्निट्स संस्थेतल्या सहकाऱ्यांबरोबर नळ्यांत क्रोमियमचा ऑक्साइड भरला होता. २०१२ साली ते प्रसिद्ध झालं. हा ऑक्साइड वेगळा आहे. त्याला विजेचं क्षेत्र लावलं की चुंबकत्व येतं. हे असं व्हावं, असं भाकीत १९५९ साली त्याच झ्यालोशिन्स्कीनं केलं आणि पुढच्याच वर्षी आस्त्रोव्हनं ते मोजून दाखवलं. संगणकात माहिती लिहायची तर आज चुंबकाची दिशा बहुधा विजेच्या प्रवाहानं फिरवावी लागते. प्रवाह म्हणजे उष्णता, उष्णता म्हणजे वाया गेलेली वीज. नुसतं विजेचं क्षेत्र लावून, प्रवाह न वाहता ते जमलं, तर ही उधळपट्टी पुष्कळ कमी होईल. नळीची भिंत वीज वाहून नेते, आतला ऑक्साइड त्या विजेला चुंबकत्वानं उत्तर देतो, आणि दोघं अणूंच्या अंतरावर एकमेकांना टेकलेले आहेत. हे उत्तर एकाच नळीत, नेहमीच्या तापमानाला आणि पुन्हापुन्हा मिळतं का, हे मोजायचं काम बाकी आहे. ते मोजणारी मुलगी किंवा मुलगा आज पौडच्या, भुगावच्या नाहीतर माल्याच्या शाळेत आठवी-नववीत असू शकतो. आयसरचं विज्ञान उपक्रम केंद्र शाळांसाठी आणि शिक्षकांसाठी काम करतं. इथल्या मुख्याध्यापकांनी त्यांना पत्र लिहावं, मुलांना घेऊन एकदा पाषाणला जावं आणि भट्टी चालू असताना ते बुडबुडे त्यांना पाहू द्यावेत.